ग्रीक तत्त्वज्ञान, पुराणकथा आणि विज्ञान : नक्की कुठून वाचायला घेऊ?

अर्धवट_वाचक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की मध्यंतरी अँटिकिथेराच्या यंत्रावरचा (ग्रहणं वगैरे दाखवणारं जुन्या ग्रीकांचं दातेरी चाकांचं यंत्र) एक व्हिडिओ बघितला आणि डोक्यात ग्रीकांचं खूळ शिरलं. उत्साहाच्या भरात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा एक जाडजूड इतिहास आणला. थेलीस म्हणतो सगळं पाण्यापासून, ॲनॅक्झिमेनीस म्हणतो हवेपासून, हेराक्लायटसला सगळीकडे आग दिसते, इथपर्यंत ठीक होतं, पण पार्मेनिडीज आला आणि बदल असा काही नसतोच म्हणाला, तिथे मी पुस्तक मिटलं ते आजतागायत. म्हटलं चला गोष्टी तरी वाचू, म्हणून होमरचं इलियड, ट्रॉयच्या युद्धाचं महाकाव्य, घेतलं. पहिला सर्ग एकदम झकास, भांडण काय, शिव्या काय, पण दुसऱ्यात कोण कुठून किती जहाजं घेऊन आला याची यादी सुरू झाली ती संपेचना. तेही बाजूला पडलं. आयडी उगाच नाही घेतलेला.

तर विचारायचं असं की हे काळाच्या क्रमानं वाचायचं असतं का? पुराणकथांसाठी सगळ्यात अधिकृत असं एक पुस्तक कुठलं? आणि विज्ञानाचं मूळ लिखाण आपल्यासारख्याला झेपतं का, की त्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलंच वाचावं? गणित शाळेपुरतं येतं, तेही गंजलंय. मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर इंग्रजी चालेल.

बोरूबहाद्दर

काळाच्या क्रमानं अजिबात वाचू नका. तुमचा घोटाळा तिथेच झालाय आणि तुम्ही एकटे नाही, निम्मे लोक पार्मेनिडीजपाशीच गळतात.

कारण सांगतो. सॉक्रेटिसच्या आधीच्या लोकांची पुस्तकं आपल्याकडे नाहीतच. थेलीसचा एक शब्द उरलेला नाही. बाकीच्यांचे तुकडे आहेत, आणि तेही कसे, तर कुणीतरी पाचशे-हजार वर्षांनी आपल्या पुस्तकात वाद घालताना दोन ओळी उद्धृत केल्या म्हणून वाचलेले. म्हणजे सिनेमा गहाळ आणि हातात चार-दोन परीक्षणं. यातनं विचार उभा करायचा तर आधी नजर तयार लागते. पार्मेनिडीजनं तर सगळं कवितेत लिहिलंय, तो घोड्यांच्या रथात बसून देवीकडे जातो आणि ती त्याला सत्य काय ते सांगते. इतिहासाच्या पुस्तकात ते 'सत् एक आहे, अचल आहे' असं दोन वाक्यांत कोंबतात, मग काय डोंबल कळणार.

सुरुवात करा प्लेटोच्या 'अपॉलॉजी'पासून. नाव ऐकून घोळ होतो, यात माफी वगैरे कुणी मागत नाही, ग्रीक शब्दाचा अर्थ बचावाचं भाषण. इ.स.पू. ३९९, अथेन्स, सत्तरीचा सॉक्रेटिस कोर्टात उभा, आरोप दोन : पोरांना बिघडवतो आणि शहराचे देव मानत नाही. एका बैठकीत वाचून होतं. दोषी ठरल्यावर तिथल्या पद्धतीप्रमाणे आरोपीनं स्वतःच पर्यायी शिक्षा सुचवायची असते, तर हा गृहस्थ म्हणतो की मी शहराची जी सेवा केली तिला साजेशी शिक्षा म्हणजे ऑलिंपिक विजेत्यांसारखं मला सरकारी खर्चानं जेवण द्या! ज्युरीची तोंडं कशी झाली असतील कल्पना करा.

त्यानंतर 'युथिफ्रो', तेही तेवढंच छोटं. त्यातला प्रश्न एवढाच की एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? अडीच हजार वर्षं लोक यावर भांडतायत. मग 'क्रिटो', मग 'फीडो'. 'रिपब्लिक'ला लगेच हात घालू नका, ते दहा भागांचं आहे आणि मधे मधे फार लांबतं. त्याआधी 'सिम्पोझियम' घ्या, दारूच्या बैठकीत प्रेमावर भाषणं चाललीयत आणि शेवटी एक जण तर्र होऊन दार ठोठावत येतो. तत्त्वज्ञान इतकं मजेशीर असू शकतं हे मला तरी तिथे कळलं.

जुनाजाणता

रसेलचा 'हिस्टरी ऑफ वेस्टर्न फिलॉसॉफी' वाचा. विषय संपला.

बोरूबहाद्दर

@जुनाजाणता, विषय संपत नाही हो, तिथे रसेल सुरू होतो. १९४५ चं पुस्तक आहे, गद्य देखणं, वाचताना हसू येतं, मीही दोनदा वाचलंय. पण त्यात ग्रीक कमी आणि ग्रीकांबद्दल रसेलला काय वाटतं ते जास्त. ज्याला मूळ काहीच माहीत नाही त्यानं ते आधी वाचलं की आयुष्यभर ॲरिस्टॉटल म्हणजे एक चुकीचा म्हातारा एवढंच डोक्यात राहतं.

जुनाजाणता

चुकीचा होताच की. बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असं लिहून ठेवलंय त्यानं. बायकोच्या तोंडात डोकावून मोजले असते तर कळलं असतं. हे रसेलचंच वाक्य आहे साधारण, आणि मला शंभर टक्के पटतं.

कालवण_नको_मासा_दाखवा

दातांचा हा विनोद आला की मला राहवत नाही, तेव्हा थोडं विषयांतर, खरं तर विषयांतर नाहीच.

दातांची चूक आहे, मान्य. पण ज्या पुस्तकात ती आहे, म्हणजे 'हिस्टरी ऑफ ॲनिमल्स', त्याच पुस्तकात असंही लिहिलंय की एका जातीच्या छोट्या शार्कचं पिल्लू आईच्या पोटात नाळेसारख्या दोरीनं जोडलेलं असतं. मासा आणि नाळ! शतकानुशतकं लोकांना ते खरं वाटत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञानं मुद्दाम तपासून बघितलं तेव्हा म्हातारा बरोबर निघाला. कोंबडीची अंडी रोज एक फोडत जाऊन आत पिल्लू कसं घडतं, तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखं हृदय कसं धडधडायला लागतं, तेही त्यातच आहे. लेसबॉस बेटावर एक खाडीसारखं सरोवर आहे, तिथल्या माशांबद्दल इतकं बारकाईनं लिहिलंय की माणूस कोळ्यांबरोबर तासन् तास बसल्याशिवाय ते येणार नाही.

याच्यावर आर्मंड मारी लेरॉय या जीवशास्त्रज्ञाचं 'द लगून' म्हणून पुस्तक आहे, २०१४ चं. स्वतः त्या बेटावर जाऊन, मासे बघून लिहिलंय. धागाकर्त्यांना विज्ञानाकडून यायचंय तर ॲरिस्टॉटलसाठी माझ्या मते हेच दार. 'मेटाफिजिक्स' उघडलंत तर पार्मेनिडीजपेक्षा वाईट अवस्था होईल, कारण ॲरिस्टॉटलचं जे आपल्यापर्यंत आलंय ते बहुतेक वर्गात शिकवायच्या टिपणांसारखं आहे. त्यानं लोकांसाठी लिहिलेले संवाद हरवले. आपण त्या माणसाला त्याच्या नोट्सवरून जोखतोय, आपल्या नोट्सवरून कुणी आपल्याला जोखलं तर?

मराठीत विचारलंत म्हणून : विंदा करंदीकरांनी 'पोएटिक्स'चा अनुवाद केलाय, 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र'. मिळालं तर सोडू नका, पण शोकांतिका वाचल्याशिवाय ते वाचण्यात अर्थ नाही, त्यातली अर्धी उदाहरणं 'ईडिपस'ची आहेत. तेव्हा आधी 'ईडिपस'वाला नाटककार सॉफोक्लीस.

सातवी_पायरी

पुराणकथांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

अधिकृत पुस्तक नाही. हे आधी डोक्यातून काढा, मग खरी मजा येते. ग्रीकांकडे धर्मग्रंथ असा नव्हता, प्रत्येक गावाची, प्रत्येक कवीची आपली आवृत्ती, आणि कवी एकमेकांना खोडून काढायला मोकळे. केसांच्या जागी साप असलेल्या मेड्यूसाचंच घ्या. आजकाल सगळीकडे फिरणारी गोष्ट अशी की ती सुंदर मुलगी होती, देवळात तिच्यावर अत्याचार झाला आणि अथेनानं उलट तिलाच शाप दिला. ही गोष्ट ओव्हिडची आहे, म्हणजे रोमन कवीची, लॅटिनमधली, इ.स. ८ च्या सुमाराची. त्याच्या सातशे वर्षं आधीचा ग्रीक कवी हेसिअड सांगतो की तीन गॉर्गन बहिणी होत्या, त्यातली ही एकटी मर्त्य. शापबिप काही नाही. दोन्हीतलं 'खरं' कुठलं असा प्रश्नच नाही, पण कोण सांगतंय आणि कधी सांगतंय ते बघायची सवय लागली की मिथकं वाचायला आली असं समजा.

जिच्यातून जगातली दुःखं बाहेर पडली ती पँडोराची पेटीही अशीच. हेसिअडमध्ये पेटी नाहीये, धान्या-तेलाचा मोठा रांजण आहे. सोळाव्या शतकात इरॅस्मसनं लॅटिनमध्ये सांगताना रांजणाची डबी केली आणि तीच जगभर झाली.

तेव्हा पहिलं पुस्तक हेसिअडचं 'थिऑगनी'. जेमतेम हजार ओळी आहेत, एका दुपारी होतं. नावांचा भडिमार आहे, घाबरू नका, सगळी लक्षात ठेवायची नसतात. आधी पोकळी, मग पृथ्वी, बाप पोरांना जन्मू देत नाही, मुलगा बापाला विळ्यानं कापतो, मग तोच मुलगा आपली पोरं गिळतो, असा तीन पिढ्यांचा राडा आहे. त्याच लेखकाचं 'वर्क्स अँड डेज' सोबत छापलेलं असतंच, त्यात आळशी भावाला शेतीवरनं झापलंय. मग होमरच्या नावावरच्या स्तोत्रांपैकी निदान डेमीटरचं एक वाचा, मुलगी हरवलेल्या आईची गोष्ट आहे, माझ्या डोळ्यात दर वेळी पाणी येतं. सगळ्या कथा एका जागी हव्याच असतील तर अपॉलोडोरसच्या नावानं चालणारं 'लायब्ररी' आहे, पण ते टेलिफोन डिरेक्टरीसारखं रुक्ष, संदर्भाला ठेवायचं. ओव्हिड सगळ्यात शेवटी, कारण तो इतका गोड सांगतो की मग बाकीचे अळणी लागतात. आणि त्याच्यात झ्यूसचा ज्युपिटर झालेला असतो, ते ध्यानात ठेवा.

आजच्या लेखकांत स्टीफन फ्रायचं 'मिथॉस' हलकंफुलकं आहे, झोपताना वाचायला छान. रॉबर्ट ग्रेव्ह्जचं १९५५ चं 'द ग्रीक मिथ्स' बऱ्याच जणांकडे असतं, त्यातल्या गोष्टी वाचा पण खालची स्पष्टीकरणं मिठाच्या खड्यासकट, मातृसत्ताक पूजेचे त्याचे सिद्धांत अभ्यासक मानत नाहीत.

आता इलियड. अहो ती जहाजांची यादी वगळा ना! ११८६ जहाजं आहेत, मोजणाऱ्यांनी मोजलीयत, तुम्ही मोजायची गरज नाही. पहिला सर्ग वाचलाय तर थेट सहावा घ्या, हेक्टर लढाईतनं घरी येतो आणि त्याचं तान्हं पोर बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा बघून भोकाड पसरतं. मग ९, १६, १८, २२ आणि २४. चोविसाव्यात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम, ज्यानं आपला मुलगा मारला त्या अकिलीसच्याच हाताचं चुंबन घेतो. हे वाचल्यावर उरलेलं तुम्ही आपणहून वाचाल. लाकडी घोडा शोधू नका, इलियडमध्ये तो नाही. अकिलीसचा मृत्यूही नाही. दहाव्या वर्षातले काही आठवडे, बस्स.

जुनाजाणता

वाखू (वाचनखूण) साठवली. सातवी_पायरी, दंडवत. (रसेलवरचं मत कायम.)

खगोलवेडी

उशीर झाला, पण विज्ञानाचा प्रश्न अजून तसाच लोंबकळतोय म्हणून.

मूळ लिखाण झेपतं. सगळं नाही. टॉलेमीचं खगोलशास्त्रावरचं 'अल्माजेस्ट' उघडू नका, तेरा भाग आहेत, कोष्टकांमध्ये बुडून जाल. पण आर्किमिडीजचं 'सँड रेकनर' जरूर घ्या, थोडक्या पानांचं आहे आणि सायराक्यूजच्या गेलॉन राजाला उद्देशून लिहिलंय, म्हणजे गणित न येणाऱ्याला समजावं अशाच बेतानं. विषय काय, तर अख्खं विश्व वाळूनं भरायचं तर किती कण लागतील. ग्रीकांकडे दहा हजारापुढे आकड्यांना धड नावं नव्हती, म्हणून हा दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे दहा कोटी, हे नवं एकक धरतो आणि त्याच्या उतरंडीवर उतरंडी रचत जातो. उत्तर येतं आजच्या भाषेत १ वर ६३ शून्यं, एवढ्यात मावतील.

पण मला त्यातला सगळ्यात आवडतो तो मधला तुकडा. त्याला सूर्याची दिसणारी रुंदी हवी असते, म्हणून सूर्य उगवताना आडव्या काठीवर छोटा गोल दंडगोल ठेवून मागे-पुढे करत बघतो. आणि मग स्वतःच म्हणतो की डोळा काही एका बिंदूतून बघत नाही, तेव्हा बुबुळाच्या रुंदीची चूकही धरली पाहिजे! उत्तर एक आकडा देत नाही, काटकोनाच्या २०० व्या भागाहून जास्त आणि १६४ व्या भागाहून कमी असं सांगतो. म्हणजे अंदाजे ०.४५ ते ०.५५ अंश. खरी किंमत अर्ध्या अंशाच्या किंचित वर, बरोब्बर मधे बसते. चुकीची मर्यादा देऊन मोजणं, इ.स.पू. तिसऱ्या शतकात. आणि ॲरिस्टार्कसनं पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडलं होतं हे आपल्याला मुख्यतः याच पुस्तकातल्या चार ओळींवरून कळतं, त्याचं स्वतःचं ते लिखाण गेलं.

युक्लिड वाचायचा नसतो, काढायचा असतो. कंपास, पट्टी, कागद घेऊन बसा. पहिलाच प्रश्न : दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढा. दोन वर्तुळं, झालं. मग स्वतःला विचारा की ती वर्तुळं एकमेकांना छेदतातच हे युक्लिडनं कुठे सिद्ध केलंय? नाही केलेलं! ती फट बुजवायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. पहिल्या भागात ४८ प्रमेयं आहेत, ४७ वं पायथागोरसचं, तिथवर पोचलात तर शाळेत काय शिकलो होतो ते पहिल्यांदा कळेल. मग उडी मारून नवव्या भागातलं विसावं, मूळ संख्या कधी संपत नाहीत ते. हीथचं १९०८ चं भाषांतर नेटवर फुकट आहे, त्यात टिपा मजकुरापेक्षा जास्त, टिपा सोडून द्या.

एराटॉस्थेनीसचं मात्र मूळ वाचता येणार नाही, पृथ्वीच्या परिघावरचं पुस्तक हरवलंय. एका शहरात भर दुपारी सूर्य थेट विहिरीत आणि त्याच वेळी दुसऱ्या शहरात सावली, ही जी गोष्ट सगळे सांगतात तिचा हिशोब क्लिओमिडीज नावाच्या नंतरच्या लेखकानं दिलाय : सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, दोन शहरांमधलं अंतर ५००० स्टेड (लांबीचं जुनं ग्रीक माप), म्हणून परिघ २,५०,०००. कुणी 'अमुक टक्के अचूक' म्हणालं की सावध व्हा, स्टेड नेमका किती मीटरचा धरायचा यावरच एकमत नाही.

वैद्यकाकडचं एक : हिपॉक्रेटिसच्या नावावरचं 'पवित्र रोगाबद्दल'. अपस्माराला लोक दैवी म्हणायचे, हा लेखक पहिल्या दमात म्हणतो की बाकीच्या रोगांपेक्षा हा काही जास्त दैवी नाही, कारण मेंदूत आहे, आणि पुरावा काय देतो, तर असा झटका येणाऱ्या बकरीचं डोकं फोडून बघा, आत पाणी आणि घाण वास. उपपत्ती चूक आहे, कफाबिफावर नेऊन ठेवलीय, पण वळण बघा ना. आधार म्हणून जी. ई. आर. लॉइडची दोन बारकी पुस्तकं आहेत, थेलीस ते ॲरिस्टॉटल आणि त्यानंतरचं विज्ञान अशी, सत्तरच्या दशकातली, पण अजून तितकं सुटसुटीत काही मी पाहिलं नाही.

आणि ज्याच्यामुळे हा धागा निघाला ते यंत्र! १९००-०१ मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांमुळे मिळालं, ८२ तुकडे, ३० दातेरी चाकं उरलीयत, एकाला २२३ दात. का २२३? कारण तितक्या चांद्रमासांनी ग्रहणांचं चक्र फिरून येतं. चंद्र आकाशात कधी जलद कधी हळू सरकतो तेही एका चाकावरची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत सरकवून दाखवलंय. याच्यावर अलेक्झांडर जोन्सचं 'अ पोर्टेबल कॉसमॉस' वाचा, जड आहे पण फेकाफेक नाही.

अर्धवट_वाचक

बापरे. एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्री 'अपॉलॉजी' वाचलं, फुकटवालं जोवेटचं भाषांतर. सरकारी जेवणापाशी खरंच मोठ्यानं हसलो. पण भाषांतर जरा भरजरी वाटलं, नवीन घ्यावं का? आणि कडेला १७, १८ असे आकडे आणि अ-ब-क सारखी अक्षरं कसली असतात? आणखी एक, हे तीन वेगळे विषय धरून वाचू का? सातवी_पायरींची थिऑगनी आणि बोरूबहाद्दरांचे तुकडेवाले लोक, हे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं मला उगाच वाटतंय का?

बोरूबहाद्दर

उगाच नाही. कप्पे आपण पाडलेत, त्यांनी नव्हते पाडले. 'आधी काय होतं' हा प्रश्न हेसिअडचाही आणि थेलीसचाही, उत्तरातनं वंशावळ गळली एवढाच फरक, आणि तोच केवढा मोठा. ॲनॅक्झिमँडर म्हणाला पृथ्वी कशावरच टेकलेली नाही, सगळीकडून सारख्या अंतरावर आहे म्हणून पडत नाही. आणि झेनोफनीस तर सरळ होमर-हेसिअडवर घसरतो : घोड्यांना हात असते तर त्यांनी घोड्यांसारखे देव काढले असते. म्हणून थिऑगनी झाली की लगेच हे तुकडे घ्या, वॉटरफील्डचं 'द फर्स्ट फिलॉसॉफर्स' पुरे. या वेळी पार्मेनिडीज मारणार नाही. मारला तर इथे या.

ते आकडे १५७८ साली स्टेफानसनं छापलेल्या आवृत्तीच्या पानांचे. कुठलंही भाषांतर घ्या, जागा तीच. जेवणाची मागणी ३६ वर सापडेल, तिथेच सॉक्रेटिस म्हणतो की तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो. ॲरिस्टॉटलसाठी असेच बेकरचे आकडे असतात, बर्लिनच्या १८३१ च्या आवृत्तीचे.

सातवी_पायरी

जोवेट एकोणिसाव्या शतकातला, भरजरी असणारच. प्लेटोसाठी चालून जाईल, होमरसाठी मात्र नवीनच घ्या. एमिली विल्सनचं 'ओडिसी', २०१७ चं, मूळ जितक्या ओळींचं तितक्याच ओळींत बसवलंय आणि भाषा साधी. नायकाला पहिल्याच ओळीत ती 'गुंतागुंतीचा माणूस' म्हणते, त्यावरनं लोकांनी केवढी भांडणं केली. डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी हवं असेल तर लोएबची हिरवी पुस्तकं, लाल दिसली तर ती लॅटिन.

अर्धवट_वाचक

स्टेफानस आकड्यांबद्दल डबल थँक्यू, आता जोवेट आणि दुसरं एक भाषांतर शेजारी शेजारी ठेवून बघतोय, एकच वाक्य किती वेगळं होतं.

आज काठी आणि पुठ्ठ्याची गुंडाळी घेऊन आर्किमिडीजचा प्रयोग करणार होतो, पण सूर्याकडे बघायचं म्हणजे डोळ्यांचं काय? त्यानं कसं बघितलं असेल?

खगोलवेडी

अहो थांबा!! तो स्वतःच लिहितो की सूर्य क्षितिजावर असताना, बघता येण्याजोगा असतानाच बघितला. तरी तुम्ही करू नका, चंद्रावर करा. पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ तेवढाच दिसतो. आकडा काय येतो ते इथे टाका.

कालवण_नको_मासा_दाखवा

आणि 'फीडो'चं शेवटचं पान, ११८, वाचलंत की कोंबड्याबद्दल तुम्हाला काय वाटतं तेही टाका. आत्ता सांगत नाही.